वाळकेबाईंचा कोरा मुलूख

नागपूरच्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानात अजूनही ते पुस्तक दिसतं. गुळगुळीत कव्हर, पांढऱ्या घोड्यावर गोरापान राजपुत्र आणि त्याच्या भाल्यापुढून पळणारी काळीकुट्ट माणसं. वर नाव 'नऊधारा : भाग दुसरा', खाली 'सुमन वाळके'. दिसलं की मी ते उचलतो आणि पाककृतींच्या पुस्तकांमागे उलटं खुपसून येतो. एका दुकानदारानं मला हटकलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "जिचं नाव यावर आहे तिनं यातली एक ओळही लिहिलेली नाही." तो म्हणाला, "मग लिहिलं कोणी?" याचं उत्तर मला आजही धड ठाऊक नाही. पण सुमन वाळके कोण होत्या हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगताना माझं डोकं शांत राहील अशी अपेक्षा कुणी करू नये.

बल्लारपूरच्या आमच्या शाळेत वाळकेबाई बदलून आल्या ती नव्वदीची सुरुवात. मी तिथे चित्रकला शिकवायचो. बाई बुटक्या, रुंद खांद्यांच्या. मनगटावर पुरुषी घड्याळ. डब्यातल्या हिरव्या मिरच्या त्या काकडीसारख्या कचाकचा खायच्या. पहिल्याच दिवशी वारा फिरला आणि कागदाच्या कारखान्याचा तो सडका वास वर्गावर्गांत भरला. आम्हा गावकऱ्यांना तो जाणवेनासा झाला होता. बाईंनी खिडकी धाडकन लावली.

"येवढा वास सोसून हे गाव कागद बनवते," त्या म्हणाल्या, "अन् त्याच्यावर छापते काय, तर हे!" हातात चौथीचं वाचनाचं पुस्तक होतं.

दुसऱ्यांना राग येतो आणि जातो. बाईंचा राग त्यांच्या घरीच राहायला होता. फार चिडल्या की त्या चष्मा काढून पदरानं पुसायच्या. काचा आधीच स्वच्छ असायच्या. चष्मा निघाला की शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे हाताशी येईल ते काम उचलून चालू पडत.

त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी हेडमास्तरांनी स्वतः नाटुकलं लिहिलं होतं. एक शहाणा राजा जंगलात जातो आणि तिथल्या रानटी लोकांना माणसात आणतो, असं काहीतरी. सातवीतली पोरं तोंडाला काजळ फासून, कमरेला आंब्याचे टहाळे बांधून 'हुर्र हुर्र' करत नाचत होती. तालीम बघायला आम्ही सगळे बसलो होतो. वाळकेबाई उठल्या, माठातल्या पाण्यात टॉवेल भिजवला आणि स्टेजवर चढून एका पोराचं तोंड खसाखसा पुसू लागल्या.

"बाई, काय करून राह्यल्या तुमी?" हेडमास्तर ओरडले.

"सर, हे पोट्टे कोणत्या भाषेत बोलून राह्यले?"

"भाषा कसली त्यात? रानटी लोक आहेत ते."

"माझी अर्धी नोकरी त्या लोकायच्यात गेली. हुर्र म्हणणारा एकबी भेटला नाई मले. जेवली का बाई, म्हणून विचारणारे लय भेटले."

टॉवेल पुढच्या पोराकडे वळला तसा तो मागे सरकला. "बाई, मी असाच काळा आहो. माझं पुसून निघत नाई."

आम्ही काहीजण हसलो. बाई हसल्या नाहीत. "मंग तुले काजळ कायले लावलं बे?" त्यांनी विचारलं. त्या पोरानं हेडमास्तरांकडे पाहिलं आणि आमचं हसणं तिथेच विरलं. नाटुकलं बारगळलं. हेडमास्तर वर्षभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंच्या ते लक्षातही आलं नसावं.

अर्धी नोकरी म्हणजे अहेरीच्याही पुढच्या एका गावात. एसटी नाल्यापर्यंत जायची, पुढे पायी. वर्गात सगळी माडिया मुलं. त्यांना मराठी येत नव्हतं, बाईंना त्यांची बोली येत नव्हती, आणि पुस्तकातला पहिला धडा समुद्र आणि दीपगृहाचा. मुलं महिनोन्महिने तोंड उघडेनात. तपासणीला आलेल्या साहेबानं 'मुले मंदबुद्धी' असा शेरा मारला. ही हकिगत सांगताना बाईंचा चष्मा प्रत्येक वेळी निघायचा.

"मंद! त्या साहेबाले नाला उतरता येत नव्हता. सहा वर्षांच्या पोट्टीनं हात धरून आणला त्याले."

साहेब गेल्यावर बाईंनी पुस्तक मिटलं. अंगणातल्या मातीत काडीनं एक नदी काढली. काठावर एक मुलगी काढली, तिच्या हातात जाळं दिलं. मुलीचं नाव झिंगी. बाईंच्या मूळ गावी तलावाच्या पाळीवर मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं होती आणि झिंगी नावाची खरोखरची मैत्रीण होती. ती लहानपणीच तापानं गेली. मातीतल्या झिंगीच्या जाळ्यात मासे सापडत नसत. माणसांच्या तोंडून पाण्यात पडलेले शब्द सापडत. बाईंनी मोडक्यातोडक्या माडियात विचारलं, झिंगी पाणी ओलांडून गेली, पलीकडे तिला काय दिसलं? मग एका पोरीनं बाईंच्या हातातली काडी घेतली आणि पलीकडे आणखी एक नदी काढली.

हंगाम संपेपर्यंत अंगणात नऊ नद्या झाल्या. म्हणून त्या जगाचं नाव नऊधारा. नवव्या नदीच्या दक्षिणेला काहीच काढलेलं नव्हतं. तो कोरा मुलूख. तिथे काय आहे असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, "अजून गेलो नाई आपण तिथी. गेल्याबिगर सांगाचं नाई."

नऊधारात राजा नव्हता आणि देवही नव्हते. मी एकदा विचारलं, बाई, निदान एखादी वनदेवता तरी घ्या, मला चित्र काढायला बरं. त्या म्हणाल्या, "छप्पन साली माझा बाप घरातला देव्हारा उचलून तलावात सोडून आला, मास्तर. एका दुपारी त्यानं तेहतीस कोट कमी केले. मी काय ते परत भरत बसू?"

बल्लारपूरला आल्यावर चंद्रपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत बाई नऊधाराच्या गोष्टी लिहू लागल्या. चित्रं माझी. गोष्टी लोकांना आवडल्या. आवडणारच, त्या पेपरात आमच्या दक्षिणेकडची बातमी एरवी दोनच प्रकारची यायची, चकमक आणि हिवताप. हळूहळू रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मुलं जमू लागली. राजुऱ्याहून, गडचांदूरहून आईबापांचं बोट धरून यायची. कोरा मुलूख भरायचं काम बाईंनी त्यांच्यावर सोपवलं होतं. कुणीही तिथे गाव वसवू शकत होतं. फक्त बाईंच्या प्रश्नांना उत्तर द्यावं लागे.

डॉक्टरांच्या मुलानं एकदा सोन्याचा किल्ला आणला.

"पाणी कुठून येते तुझ्या किल्ल्यात?" बाईंनी विचारलं.

"पाणी... असते ना."

"असते म्हणजे? कोण भरते? रांधते कोण?"

"नोकर."

"नोकर कुठी राह्यते? त्याची माय मेली तं तिले कुठी नेते तो?"

पोरगा रडायला लागला. त्याची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, ही बाई आहे की वकील, लहान लेकराला काय विचारते! मला वाटलं, आता हा काही येत नाही. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी हजर. म्हणाला, "बाई, किल्ला काढून टाकला. रांधणारी राहू देली. तिची विहीर आहे." बाईंनी त्याला आपल्या डब्यातली मिरची देऊ केली. त्यांच्याकडे बक्षीस म्हणून तेवढंच असायचं.

गडचांदूरची एक अबोल पोरगी यायची. तिचा बाप चुनखडीच्या खाणीवर होता. ती एकदा उभी राहून म्हणाली, "माझ्या गावात झाडं पांढरी आहेत. पाणी आलं की हिरवी होतात. मंग पुन्हा पांढरी." मुलं खो खो हसली. बाईंनी चष्मा काढला.

"हसले कोण? ज्यायनं सिमेंटची धूळ पाह्यली नाई ते हसले. मास्तर, हे गाव आखा. कोऱ्या मुलखातलं पहिलं गाव."

मी आखलं. पोरगी माझ्या खांद्यावरून बघत होती. झाडांत मी रंग भरायला लागलो तशी तिनं माझा हात धरला.

मग प्रकाशक आला. मोठ्या शहरातला, सुगंधी, बोलायला गोड. त्यानं पेपरातल्या गोष्टींचा पहिला भाग पुस्तकरूपानं काढला आणि तो खपला. तो स्टाफरूममध्ये येऊन बसला होता ती सकाळ मला आठवते. मी आखलेल्या नऊधाराच्या नकाशावर बोट ठेवून तो म्हणाला, "बाई, तुमच्या या जगात फार पोटेन्शियल आहे. हा दक्षिणेचा भाग नुसता रिकामा पडलाय. तो डेव्हलप करायला हवा."

"रिकामा नाई तो," बाई म्हणाल्या. "आमी अजून पोहोचलो नाई तिथी. पोट्टे जाऊन राह्यले हळूहळू."

"हळूहळू म्हणजे किती वर्षं? वाचक थांबत नाहीत हो. आमच्याकडे लेखकांची टीम आहे."

बाईंनी त्याला चहा पाजला आणि बाहेरचा रस्ता दाखवला. विषय संपला असं त्यांना वाटलं. पहिल्या भागाच्या वेळी ज्या करारावर त्यांनी सही केली त्यात पुढच्या भागांचे हक्कही त्यानं घातले होते, हे आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

दुसरा भाग छापून आल्याचं बाईंना त्यानं कळवलंही नाही. ते आणलं मैनीनं. मैनी पुंगाटी म्हणजे अंगणात बाईंच्या हातून काडी घेणारी ती पोरगी. आता ती अहेरीला राहून डीएड करत होती. बसनं थेट बाईंच्या घरी आली. मी चित्रं दाखवायला तिथेच बसलो होतो. तिनं पाणीही घेतलं नाही. पिशवीतून पुस्तक काढून बाईंच्या समोर ठेवलं.

"बाई, नववी नदीबी मीच काढली होती," ती म्हणाली. "तिच्या पलीकडं राक्षस कवा आले?"

बाईंनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिथेच बसून वाचलं. मैनी उभीच होती. मी नंतर वाचलं म्हणून सांगतो. कुण्या राजपुत्राला नऊधाराचा शोध लागतो. नवव्या नदीपलीकडे कच्चं मांस खाणारी काळी जमात असते. ती बोलत नाही, गुरगुरते. राजपुत्र त्यांच्या म्होरक्याला मारतो, डोंगराच्या पोटातलं लोखंड बाहेर काढतो आणि स्वतःच्या नावाचं शहर वसवतो. पांढऱ्या झाडांचं गाव त्या शहराखाली जातं. त्याला लेखकांनी एक वाक्यही खर्च केलेलं नाही. आणि झिंगी? झिंगीला त्यांनी राजपुत्राच्या होणाऱ्या राणीची दासी केलं होतं. ती जाळं टाकून राणीसाठी मोती काढते.

"मैनी, हे मी नाई लिहिलं," बाई म्हणाल्या.

"नाव तुमचं आहे."

चष्मा निघेल असं मला वाटलं. निघाला नाही.

"हाव," त्या म्हणाल्या. "नाव माझं आहे."

थोड्याच दिवसांत चंद्रपुरात त्या पुस्तकाचा समारंभ झाला. प्रकाशकानं बाईंना सत्काराला बोलावलं होतं; त्याची हिंमत की त्याचा बेफिकीरपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई गेल्या. सोबत मैनी आणि मी. शाल आली, नारळ आला. बाईंनी दोन्ही खुर्चीवर ठेवून माईक हातात घेतला.

"हे पुस्तक माझं नाई. माझं नाव चोरून यायनं त्याच्यावर लावलं आहे."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष म्हणून आलेले एक पुढारी हसत म्हणाले, "बाई, मुलांची गोष्ट आहे. एवढं काय मनावर घेता?"

"मुलायचीच आहे साहेब. मोठ्यायची असती तं सोडून देली असती." बाई प्रकाशकाकडे वळल्या. "तुमाले मुलूख पाहिजे होता, तर सरळ मागाचा होता. मी विचारलं असतं, पाणी कुठून आणान? तुमाले सांगता आलं नसतं, म्हणून तुमी आधी तिथल्या लोकायले राक्षस केलं. राक्षसाले माराले कोणाले विचारा लागत नाई. त्याच्या डोंगरातलं काढाले विचारा लागत नाई. ही पोट्टी बसली आहे समोर, मैनी. तिच्या तोंडावर सांगा, ही कच्चं मांस खाते म्हणून!"

माईक बंद केला गेला. बाई बोलतच राहिल्या. वर्गात त्यांना कधी माईक लागला नव्हता. मागच्या रांगेतून काही टाळ्या पडल्या, पुढच्या रांगेतली माणसं मनगटावरची घड्याळं बघू लागली. प्रकाशक शेवटपर्यंत हसरा होता. निघताना मला म्हणाला, "भावनिक आहेत बाई. पण वादानं पुस्तक उचललं जातं, तुम्ही बघाच."

आणि उचललं गेलं. वकिलानं करार वाचून मान हलवली. दैनिकानं 'जागेअभावी' बाईंचं सदर बंद केलं. त्याच पानावर पुढच्या रविवारपासून प्रकाशकाची जाहिरात आली. रविवारची मुलं हळूहळू कमी झाली, कारण पालक म्हणू लागले की या बाई राजकारण करतात. हे सगळं लिहिताना मला शिव्या सुचतात, त्या मी गाळतो आहे. बाईंना सगळे शहाणपण शिकवून गेले: मोठ्या माणसांशी वैर नको, पुस्तक तर खपतंय ना, नाव तर होतंय ना. एकालाही असं वाटलं नाही की त्या प्रकाशकाला जाऊन विचारावं.

मीही एका संध्याकाळी बाईंना समजवायला गेलो. म्हटलं, "बाई, जाऊ द्या आता."

"काय जाऊ देऊ?" त्या उसळल्या. "माझ्या हातातलं नेलं असतं तं जाऊ देलं असतं, मास्तर. पोट्ट्यायच्या हातातलं नेलं. तुमी मले शांत कराले आले काय? मंग चहा प्या अन् जा."

मी चहा प्यालो आणि गेलो नाही. तेव्हा त्यांनी आतून मांजरपाटाचा तागा आणला. म्हणाल्या, यावर नऊ नद्या काढून द्या. त्याखाली काही काढू नका.

पुढच्या उन्हाळ्यापासून बाई ते कापड खाकेत मारून दक्षिणेला जाऊ लागल्या. निवृत्त झाल्यावर तर त्यांनी अहेरीलाच खोली घेतली. मैनीला नोकरी लागली होती. सुट्ट्यांत दोघी गावोगाव हिंडत. झाडाखाली कापड अंथरत आणि मुलं हळदीनं, कोळशानं, गेरूनं खालचा भाग भरत. नवव्या नदीपलीकडे किती गावं झाली, तिथे कोण राहतं, झिंगी कुठवर पोहोचली, मला सांगता येणार नाही. मी एकदा विचारलं होतं, निदान लिहून तरी ठेवा, कधीतरी चांगला प्रकाशक मिळेल.

"छापाचं नाई," बाई म्हणाल्या. "छापलं की नेतात."

या वाक्यावर मी पुष्कळ भांडलो. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटतं. चांगली गोष्ट अशी झाडाखाली ठेवून कशी चालेल? पण त्या बाईवर ही वेळ ज्यांनी आणली ते आजही समारंभांत शाली पांघरतात, आणि मी बाईंशीच वाद घालतो, याचाही मला संताप येतो.

अहेरीला मी त्यांना शेवटचं पाहिलं. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. त्या शेवटच्या भेटीच्या वेळी मी तिथे एका लग्नाला गेलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. परतीची बस लागली होती आणि मी खिडकीची जागा धरण्याच्या घाईत होतो. तेवढ्यात समोरच्या टपरीच्या पत्र्याखाली बाई दिसल्या. केस पार पांढरे झालेले. बाकड्यावर पुढे वाकून बसल्या होत्या. बाजूला मैनी. समोर एक एवढीशी पोरगी, डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली तशीच, माडियातून भराभरा काहीतरी सांगत होती. हात दोन्ही टोपलीला, म्हणून ती डोळ्यांनी आणि हनुवटीनं दिशा दाखवत होती. मैनी आधी एकेक वाक्य बाईंना मराठीत सांगत होती, मग तीच ऐकण्यात गुंगून गेली आणि सांगायची थांबली. बाईंनी तिला ढोसलं नाही. समजत होतं की नव्हतं कोण जाणे.

"बाई!" मी रस्त्यावरून हाक मारली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त एक हात माझ्या दिशेनं उभा धरला. पोरगी मात्र थांबली, वळली आणि टोपलीसकट माझ्यावर डाफरली. मैनी हसायला लागली.

"सर, ती म्हणते, मधात बोलू नका."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी बसमध्ये चढलो. खिडकीतून पाहिलं, तर पोरीनं पुन्हा सुरुवात केली होती, आणि बाईंचा हात अजून तसाच उभा होता.